माफी कुणाच्या वाट्याची? ‘आनंदओवरी’ वाचताना



गेल्या महिन्यातली आमच्या गटाची बैठक नेहमीसारखी तासाभरात उरकली नाही. प्रार्थना झाली, हजेरी झाली, बचत गोळा झाली आणि थकबाकीचा विषय निघाला. आमच्या एका ताईकडे 13,200 रुपये कर्ज येणं आहे. तिच्या मालकांचं कंपनीतलं कंत्राट संपलं, त्यात सासूचं आजारपण निघालं. चार महिने हप्ता नाही, आणि आता लाजेनं ती बैठकीलाही येईना.

एक जण म्हणाली, “जाऊ द्या ना बाई, सोडून देऊ. आपलीच आहे ती.”

दुसरी लगेच उसळली, “सोडून देऊ म्हणजे कुणाचे सोडून देऊ? माझे पण आहेत ना त्यात!”

झालं. दोन तट पडले. एकीकडच्या म्हणाल्या, माणुसकी बघा. दुसरीकडच्या म्हणाल्या, नियम बघा. मी गटाची सचिव. ठरावाची वही माझ्यापुढे उघडी, हातात पेन, आणि काय लिहायचं ते सुचेना. शेवटी “विषय पुढील बैठकीत” एवढंच लिहून वही मिटली.

योगायोग असा की त्याच आठवड्यात मी वाचनालयातून एक कादंबरी आणली होती. रात्री भांडी आवरली की रोज थोडी थोडी वाचत होते. ती वाचता वाचता आमच्या बैठकीतला गुंता मला थोडा थोडा उलगडत गेला. म्हणून आज त्या पुस्तकाबद्दल लिहिते.

पुस्तक कुठलं, कशाबद्दल

कादंबरीचं नाव ‘आनंदओवरी’. लेखक दि. बा. मोकाशी. पुस्तक 1974 सालचं. देवळाच्या आवारात भिंतीला लागून कमानीच्या ज्या पडव्या किंवा खोल्या असतात, त्यांना ओवरी म्हणतात. वारकरी तिथं मुक्काम करतात, आपणही पाऊस आला की तिथंच टेकतो. मोकाशी (1915-1981) पुण्यात रेडिओ दुरुस्तीचं काम करायचे. पंढरीच्या वारीत चालून त्यांनी ‘पालखी’ नावाचं पुस्तकही लिहिलं आहे. साध्या माणसांचं साधं बोलणं त्यांना नीट ऐकू येत होतं, हे ‘आनंदओवरी’ वाचताना पानोपानी कळतं.

गोष्ट आपल्या शेजारची आहे, देहूची. मोशी, चिखली, तळवडे, चाकण या भागातल्या आपण किती वेळा देहूला गेलो असू! बीजेला नांदुरकीच्या झाडाखाली गर्दीत उभ्या राहिलो असू. फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकाराम महाराज वैकुंठाला गेले, ही आपली श्रद्धा. ते साल 1650 धरलं जातं. या पुस्तकात मात्र आपण पहिल्यांदा एका घरात शिरतो. त्या घरातला कर्ता माणूस नाहीसा झाला आहे, आणि त्याचा धाकटा भाऊ कान्होबा इंद्रायणीच्या काठानं त्याला शोधतो आहे. सगळी कादंबरी हा कान्होबाच सांगतो. पाय नदीकाठानं चालतात आणि मन मागं मागं जातं. लहानपण, आईबाप, दुकान, दुष्काळ, वहिनी, भावाभावांतले अबोले, सगळं आठवत जातं.

हे पुस्तक कुणाच्या श्रद्धेला धक्का लावत नाही. जगाला संत मिळाला तेव्हा त्याच्या घरच्यांचं काय झालं, एवढंच ते मायेनं विचारतं.

तुकोबांचं घर

घर खाऊनपिऊन सुखी होतं. देहूच्या बाजाराची महाजनकी, म्हणजे पेठेची देखरेख, त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. शेती होती, दुकान होतं, सावकारीही होती. वडील बोल्होबा, आई कनकाई. तीन भाऊ: थोरला सावजी, मधला तुकाराम, धाकटा कान्होबा. सावजीचं मन संसारात नव्हतं. त्याची बायको वारली आणि तो तीर्थयात्रेला निघून गेला. म्हणून लहान वयातच घराचा भार तुकोबांवर आला.

तुकोबांची दोन लग्नं झाली होती. पहिली बायको रखमाबाई. तिला दम्याचा त्रास, म्हणून दुसरं लग्न केलं. दुसरी जिजाबाई, म्हणजेच आवली. ती पुण्याच्या गुळवे घराण्यातली, सावकाराची लेक. मग 1630 च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ आला. गुरं मेली, दुकान बसलं, अब्रू गेली. रखमाबाई अन्नावाचून गेली. तिचा मुलगा संतूही गेला.

आपण हे कीर्तनात ऐकतो आणि पुढं जातो. कादंबरी पुढं जाऊ देत नाही. ज्या घरात अन्न अन्न करत बाई मेली, त्या घरात बाकीच्यांनी दुसऱ्या दिवशी चूल कशी पेटवली असेल? लग्न, संसार, भावकी या गोष्टींवर दुष्काळ गेल्यावरही किती दिवस सावली पडून राहते, ते या पुस्तकात कळतं.

इंद्रायणीत गेलेली खतं

आता तो प्रसंग, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला बसले.

आपल्या चाकण एमआयडीसीच्या वासुली, शिंदे या गावांकडे जाताना भामचंद्र डोंगर दिसतो. पहिल्या पाळीला कंपनीच्या बसमधून जाणाऱ्या आपल्या कितीतरी जणी तो रोज बघतात. दुष्काळानंतर तुकोबा त्या डोंगरावर एकांतात जाऊन बसले, अशी परंपरेतली गोष्ट आहे. घरी कुणाला पत्ता नाही. तेव्हाही शोधायला बाहेर पडला तो कान्होबाच. सात दिवसांनी त्याला भाऊ सापडला आणि तो त्यांना इंद्रायणीकाठी घेऊन आला.

तिथं तुकोबांनी घरातली सगळी खतं मागवली. खतं म्हणजे कर्जरोखे. गावातल्या कुणाकुणाकडे किती येणं आहे, त्याचे कागद. दुष्काळात होरपळलेल्या माणसांकडून ते येणं वसूल करायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. पण सगळेच कागद त्यांनी पाण्यात टाकले नाहीत. आधी दोन वाटे केले. अर्धे कागद कान्होबाला दिले, हा तुझा वाटा, तू वेगळा राहा, म्हणून सांगितलं. आणि आपल्या वाट्याचे अर्धे इंद्रायणीत सोडले.

मी पुस्तक मांडीवर पालथं घातलं आणि कितीतरी वेळ तशीच बसले. ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. पण वाटे केल्याचं महत्त्व तोवर कधी ध्यानात आलं नव्हतं. एवढा मोठा माणूस, मन एवढं विरक्त झालेलं, तरी त्यानं माफ केलं ते फक्त स्वतःच्या वाट्याचं. भावाचं येणं भावाला विचारल्याशिवाय माफ करायचा अधिकार आपल्याला नाही, हे त्यांनी ओळखलं.

आमच्या बैठकीत नेमकं हेच सुटलं होतं. हिशेब करून बघा. गटात अकरा जणी, येणं 13,200. भागिले तर एकेकीच्या वाट्याला 1,200 रुपये येतात. आमची महिन्याची बचत 200 रुपये. म्हणजे “सोडून देऊ” म्हणणारी ताई प्रत्येकीची सहा महिन्यांची बचत सोडून देत होती. आमच्यातली एक जण लोकांकडे धुणीभांडी करून ते 200 आणते. तिचे सहा महिने दुसरीनं कसे माफ करायचे?

आवलीला कुणी विचारलं?

पण गोष्ट इथं संपत नाही. तुकोबांनी भावाचा वाटा वेगळा काढला. आवलीचा काढला का?

नाही. त्या काळी बायकोचा वेगळा वाटा असतो, हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं. पाण्यात गेलेल्या कागदांबरोबर तिच्या पोरांच्या ताटातली भाकरीही गेली. तिला चिडायचं निमित्त काय कमी होतं? तरी साडेतीनशे वर्षं आपण तिला कजाग म्हणत आलो. 1936 साली प्रभातचा ‘संत तुकाराम’ सिनेमा आला, तो आपल्या आज्यांनी बघितला. त्यातली तोंडाळ जिजाई सगळ्यांना हसवून गेली, पण पोरांसाठी जीव तोडतानाही दिसली.

आणि हीच आवली नवऱ्यासाठी भाकरी बांधून भंडाऱ्याचा डोंगर चढायची, असं आपल्याकडे सांगतात. भांडत होती आणि भाकरीही नेत होती. राग आणि माया एकाच टोपलीत. संसार केलेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तुकोबा गेले तेव्हा ती गरोदर होती. नारायण बापाच्या पाठीमागं जन्मला. याच नारायण महाराजांनी पुढं 1685 साली पालखीचा सोहळा सुरू केला. आज लाखो माणसं त्या पालखीबरोबर चालतात. त्या पोराला वाढवलं कुणी? ज्या बाईला आपण कजाग म्हणालो, तिनं.

कान्होबाची माफी

मग या पुस्तकात माफी कुठं आहे? कान्होबाच्या सांगण्यात.

कान्होबा भावावर जीव टाकतो आणि त्याच्यावर चिडतोही. तू देवाचा झालास, पण आमचा का नाही राहिलास, हा सल त्याच्या मनात आहे. तुझ्या मागं तुझी बायकापोरं कुणाच्या भरवशावर? लोक येऊन पाया पडतात, पण दाणे संपले की कोण बघणार? या रागाची त्याला लाजही वाटते, कारण भाऊ किती मोठा आहे हे त्याला इतरांपेक्षा जास्त कळतं. कान्होबा स्वतः अभंग रचणारा होता. भाऊ गेल्यावर त्यानं केलेले शोकाचे अभंग आजही गाथेत आहेत.

मोकाशी कान्होबाला घाई करायला लावत नाहीत. “झालं गेलं विसरून जा” असं त्याला कुणी सांगत नाही. तो सगळं आठवतो. काय मिळालं, काय गेलं, कुणी किती सोसलं, स्वतः कुठं चुकलो. दुष्काळातला तो एकेक दिवस आठवतो. वहीतलं पान मांडावं तसं सगळं मांडतो. आणि मांडता मांडता त्याचं मन नरम होत जातं. शेवट मी सांगणार नाही, तो तुम्ही वाचा. पण मला एक गोष्ट पटली. हिशेब न करता दिलेली माफी टिकत नाही. वरवर “जाऊ दे” म्हटलेलं दिवाळीला, लग्नात, वाटणीत पुन्हा वर येतं. ज्यानं आपलं नुकसान पुरतं बघितलं, त्यालाच ते मनापासून सोडता येतं.

आपल्याकडच्या सह्या

हे फक्त जुन्या काळचं आहे असं समजू नका. चाकण, महाळुंगे, खेड या पट्ट्यात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जमिनी कंपन्यांना गेल्या, घरात पैसे आले, आणि वाटण्यांवरून सख्खे भाऊ बोलेनासे झाले. त्यात बहिणीला काय सांगतात? “माहेर तुटेल. सही कर आणि मोकळी हो.” बहीण सही करते. लोक म्हणतात, किती मोठ्या मनाची!

तिचं मन मोठं असेलही. पण तुकोबांची गोष्ट आठवा. आधी वाटा झाला, मग तो सोडला. बहिणीचा वाटा किती, हे तिला न सांगताच सही घेतली तर तिनं सोडलं काय? तिला न विचारता तिचं पाण्यात टाकलं, एवढंच झालं.

म्हणून एवढं माहीत असू द्या. हिंदू वारसा कायद्यात 2005 साली बदल झाला. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क जन्मापासून आहे. लग्न झालं म्हणून तो जात नाही. 2005 मध्ये वडील हयात होते की नव्हते, यानं फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 साली स्पष्ट केलं. आधीच रीतसर वाटप झालेलं असेल तर गोष्ट वेगळी. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावं लागतं. सही करण्याआधी सातबारा बघा, कागद वाचून घ्या, वकिलाला किंवा तालुक्याच्या विधी सेवा समितीला विचारा. मग भावाला द्यावंसं वाटलं तर खुशाल द्या. ते देणं तुमचं असेल आणि त्याची किंमत भावालाही कळेल. नाही द्यावंसं वाटलं तरी तुम्ही वाईट बहीण ठरत नाही.

नवराबायकोतही असंच. दारू, मारहाण, दुसरं घर, असलं काही सोसलेल्या बाईला सगळे “माफ कर, पोरांकडे बघ” म्हणून मागं लागतात. माफ करायचं की नाही, कधी करायचं, हे तिनं ठरवायचं. सासू, आई, गट, कुणीच तिच्या वतीनं माफी देऊन टाकू नये. आणि मनातून माफ केलं म्हणजे पुन्हा मार खायला तिथंच राहिलं पाहिजे, असंही नाही. मदत हवी असेल तर 181 ही महिला हेल्पलाइन आहे.

आमच्या बैठकीत पुढं काय झालं

पुढच्या बैठकीआधी आम्ही दोघी त्या ताईच्या घरी गेलो. वसुलीला गेलो नाही, बसायला गेलो. चहा झाला. मी सहज भामचंद्राची आणि खतांची गोष्ट सांगितली. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, “मला माफी नको हो. माझं नाव वहीत राहू द्या. फक्त हप्ता झेपेल एवढा करा.”

बैठकीला ती आली. मी वहीत प्रत्येकीच्या वाट्याचे 1,200 रुपये मांडून दाखवले आणि एकेकीला विचारलं. बहुमताचा विषयच ठेवला नाही. दंड सगळ्यांनी सोडला, कारण त्याला अकराही जणी राजी होत्या. मुद्दल कुणी सोडलं नाही. हप्ता महिन्याला 600 रुपये केला, म्हणजे बावीस महिन्यांत कर्ज फिटेल. दोघींनी आपल्या घरून तिला पहिल्या हप्त्यापुरते पैसे दिले, ते परत मागायचे नाहीत असं ठरवून. त्यांच्या वाट्याचे होते, त्यांनी सोडले. त्यांची नावं त्यांनी वहीत लिहू दिली नाहीत.

पहिल्यांदा “माझे पण आहेत त्यात” म्हणून उसळलेली जी ताई होती, ती त्या दोघींतली एक.

गटात हे पुस्तक कसं वाचाल

कादंबरी फार जाड नाही. भाषा अवघड नाही. तालुक्याच्या किंवा शाळेच्या वाचनालयात विचारून बघा. प्रत्येकीनं वाचलंच पाहिजे असं नाही. एकीनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी भाजी निवडत, गोधडी शिवत ऐकावं. बचतीची बैठक संपल्यावर अर्धा तास दिला तरी तीन-चार महिन्यांत पुस्तक होईल. वाचून झालं की या प्रश्नांवर बोला:

1. कान्होबाच्या जागी तुम्ही असता तर स्वतःच्या वाट्याची खतं ठेवली असती की सोडली असती?
2. आवलीला विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती? “हो” म्हणाली असती का?
3. तुमच्या घरात कुणी मोठं काम केलं, समाजसेवा, राजकारण, भजन, तेव्हा घरचा भार कुणी उचलला?
4. तुम्ही कुणाला मनापासून माफ केलं आहे का? त्याआधी काय बोलावं लागलं?
5. गटात एखादीचं येणं सोडायचं झालं तर ते कसं ठरवावं?

चौथ्या प्रश्नावर बोलायची कुणावर सक्ती करू नका. कुणी बोललं तर ते गटाबाहेर जाऊ देऊ नका.

येत्या बीजेला देहूला जाल तेव्हा गर्दी ओसरल्यावर जरा नदीच्या काठाशी उभ्या राहा. तुकोबांना हात जोडा. आणि भावाला शोधत याच काठानं चाललेल्या कान्होबाला आणि घरी चुलीपुढं बसलेल्या आवलीलाही एक नमस्कार करा.

तुमच्या गटानं पुस्तक वाचलं तर काय बोलणं झालं ते लिहून पाठवा. पुढच्या अंकात छापू.

— तुमचीच एक गट सचिव, खेड तालुका